आपण कोण आहो, हे लेकरांशी कसं बोलायचं

माझा मुलगा दुसरीत होता तेव्हाची गोष्ट. संध्याकाळची वेळ, मी चुलीवर भाकरी टाकून राहिली होती, तो दप्तर कोपऱ्यात टाकून माझ्याजवळ येऊन बसला आणि एकदम म्हणे, "मम्मी, आपण कोण आहो?" मी म्हटलं, कोण म्हणजे, माणसं आहो. तर म्हणे, "तसं नाही नं. शाळेतला एक पोट्टा म्हणे तुमच्या घरचं पाणी आम्ही पीत नाही, माझी आजी सांगते." तव्यावरची भाकर करपली, एवढं मला पक्कं आठवते. आणि मी त्याला म्हटलं काय, तर लक्ष नको देऊ, अभ्यास कर, मोठा झाला की सगळं कळते. बस एवढंच. तो गप्प जेवला आणि झोपला. पुढच्या हप्त्यात वह्यांना कव्हर घालायला बसली तर पाचही वह्यांच्या लेबलवर त्याचं नाव जसंच्या तसं होतं आणि आडनाव बॉलपेननं इतकं गिरवून खोडलं होतं की कागदाला भोक पडलं होतं. आठ वर्षांचं पोट्टं. मी किती वेळ ती वही हातात धरून बसली मलाच माहीत नाही.

तेव्हापासून आमच्या गावात लेकरांशी जातीबद्दल कसं बोलायचं ह्यासाठी आईबापांची बैठक चालू आहे, हिंगणघाट तालुक्यातलं लहानसं गाव, तीन वर्षं होतील आता. आजूबाजूच्या गावच्या ताया विचारतात की कसं सुरू केलं, काय बोलता, लेकरांना किती सांगता, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढते.

सुरुवात माझ्या डोक्यात कुठून झाली ते आधी सांगते. नागपूरला समाजकार्याचं एमएसडब्ल्यू करताना अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांबद्दल वाचलं होतं, पण परीक्षेपुरतं. वहीला पडलेलं ते भोक पाहिल्यावर तेच सगळं परत काढून वाचलं, ह्या वेळी आई म्हणून. कृष्णवर्णीयांचे नेते मार्टिन ल्यूथर किंग १९६३ च्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅमच्या जेलात होते, तिथून त्यांनी जे पत्र लिहिलं त्यात एक जागा आहे. सहा वर्षांच्या लेकीनं टीव्हीवर फनटाऊन नावाच्या खेळण्या-पाळण्यांच्या पार्कची जाहिरात पाहिली, ती म्हणते मला तिथं न्या, आणि बापाला तिला सांगावं लागते की तिथं आपल्यासारख्या लेकरांना आत घेत नाहीत. सांगताना जीभ अडखळते असं ते लिहितात. लाखो लोक ज्याचं भाषण ऐकायला यायचे त्या माणसाची जीभ लेकीसमोर अडखळते, मग माझी बसली त्यात नवल नाही. पण फरक असा की त्यांच्या समाजात हे बोलणं टाळत नाहीत, ते आईबापाचं ठरलेलं काम आहे. त्याला तिकडे 'द टॉक' म्हणतात. पोरगं जरा मोठं झालं की आईबाप त्याला बसवून सांगतात, पोलिसानं गाडी थांबवली तर दोन्ही हात दिसतील असे ठेव, खिशात एकदम हात घालू नको, आवाज चढवू नको, जिवंत घरी ये. २०१२ च्या फेब्रुवारीत फ्लोरिडात ट्रेव्हॉन मार्टिन नावाचा १७ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा दुकानातून परत येताना वस्तीवर पहारा देणाऱ्या एका माणसाच्या गोळीनं मारला गेला, तेव्हा तर अमेरिकेत किती घरांत हे बोलणं परत एकदा झालं असेल.

इथं एक गोष्ट मोकळेपणानं सांगते. जात आणि रंग एक नाही. त्यांना माणूस दुरून दिसतो, आपल्याकडे आडनाव विचारावं लागते, गाव विचारावं लागते, कोणत्या मोहल्ल्यातले ते विचारावं लागते. त्यांच्या पूर्वजांना जहाजात कोंबून समुद्रापार नेलं, विकलं, आपले पूर्वज स्वतःच्याच गावात गावाबाहेर राहिले. म्हणून त्यांचं जसंच्या तसं उचलून आणता येत नाही. पण लेकराशी बोलायचं कसं, ह्या कामात ते आपल्या खूप पुढे आहेत आणि शिकायला लाज कशाची.

पहिली बैठक लेकरांशिवाय करा

आम्ही पहिली चूक इथंच केली. एकदम विहारात बैठक ठेवली, लेकरं समोर सतरंजीवर, आणि दोन-तीन भाऊंनी माइक घेतला तो सोडलाच नाही. भाषण झालं, टाळ्या झाल्या, लेकरं पेंगली. विहार आपलं हक्काचं आहे, वर्षावासात ग्रंथवाचनाला आम्ही तिथंच बसतो, पण ह्या कामाला पहिल्यांदा कोणाच्या तरी घरची छपरीच बरी. सहा-आठ जण, त्यापेक्षा जास्त नको. खुर्च्या नको, सगळे खाली. चहा आधी, मागून नाही, कारण बोलणं सुरू झाल्यावर कप फिरवायला लागलं की मधातच तुटते.

प्रश्न एकच ठेवा: तुम्हाला पहिल्यांदा कधी कळलं? म्हणजे आपण कोण आहो हे लहानपणी कोणत्या दिवशी, कोणाच्या तोंडून कळलं. प्रत्येकानं सांगायचं, मधात कोणी बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, "अरे हे तर काहीच नाही, माझं ऐक" असं तर बिलकुल नाही. आणि छपरीतली गोष्ट छपरीतच राहिली पाहिजे, ही अट पहिलेच सांगून टाका, गावात पानठेल्यावर गोष्ट पोचायला अर्धा तास लागत नाही.

आमच्या पहिल्या बैठकीत एक ताई बोलली, पन्नाशीच्या पुढची. दहा वर्षांची असताना आईसोबत निंदायला दुसऱ्याच्या वावरात गेली होती, तहान लागली तर मालकिणीनं ओंजळ पुढं करायला लावली आणि वरून पाणी ओतलं, आणि ओतताना गडू किती वर धरला होता ते ताईनं हातानं दाखवलं, आपल्या डोक्याच्याही वर. पाणी अर्धं हातात पडलं आणि अर्धं फ्रॉकवर. तिचा नवरा बाजूलाच बसला होता, त्यानं हे पहिल्यांदा ऐकलं, लग्नाला तीस वर्षं झाल्यावर. तो काही बोलला नाही, उठून तिच्यासाठी माठातून पाणी घेऊन आला.

हे एवढं का करायचं? कारण ज्याला स्वतःची गोष्ट कधी सांगता आली नाही तो लेकराचीही ऐकू शकत नाही. लेकरू बोलायला लागलं की आपलं जुनं दुखणं वर येते आणि आपण त्याला गप्प करतो. मी तेच केलं होतं. दोन बैठकी झाल्यावर मी मुलाला जवळ घेऊन म्हटलं, त्या दिवशी तू विचारलं तेव्हा मी तुला गप्प बसवलं, माझं चुकलं. मला वाटलं तो विसरला असेल. तो म्हणे, "मग आता सांग." इतकी सोपी गोष्ट होती. लेकरांची माफी मागायची आपल्याकडे पद्धत नाही, मी म्हणते पद्धत पाडा.

बैठक फक्त एका समाजाची ठेवू नका, पण घाईही करू नका. आमच्याकडे सहा महिन्यांनी एक गोंड कुटुंब आलं, त्यांचं दुखणं वेगळं, लेकरं वसतिगृहात राहून आली आणि गोंडी बोलायला लाजायला लागली, आजी गोंडीत बोलते आणि नातू मराठीत उत्तर देतो. नंतर एक कुणबी ताई स्वतःहून आली, म्हणे माझ्या लेकरांनी कोणाला असं बोलू नये म्हणून मी काय करू. मला तिचं येणं फार मोठं वाटलं. माझ्या मुलाला जे ऐकावं लागलं ते त्या दुसऱ्या पोट्ट्यानं घरातूनच आणलं होतं नं, त्याच्या घरी जोपर्यंत कोणी बोलत नाही तोपर्यंत माझ्या घरी बोलून अर्धंच काम होते.

आधी अभिमान, मग अपमान

हा क्रम सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि लोक नेमका उलटा करतात. लेकराला बसवतात आणि सुरुवातच अन्यायापासून, आपल्याला पाणी नव्हतं, देवळात घेत नव्हते, गळ्यात मडकं होतं. सगळं खरं आहे. पण सहा-सात वर्षांच्या लेकराला आधी हेच सांगितलं तर त्याच्या मनात काय बसते, की आपण म्हणजे ज्यांना हाकलतात ते.

केनेथ क्लार्क आणि मेमी क्लार्क हे कृष्णवर्णीय नवराबायको, दोघंही मानसशास्त्रज्ञ. १९४० च्या सुमारास त्यांनी २५३ कृष्णवर्णीय लेकरांना, तीन ते सात वर्षांच्या, चार बाहुल्या दाखवल्या. बाहुल्या सारख्याच, फक्त दोन गोऱ्या आणि दोन सावळ्या. खेळायला कोणती देशील, चांगली कोणती, वाईट दिसते ती कोणती, असे प्रश्न. दोन तृतीयांश लेकरांनी खेळायला गोरी मागितली. आणि शेवटी विचारलं की ह्यातली तुझ्यासारखी कोणती, तेव्हा काही लेकरं रडायला लागली, काही तर खोलीतून निघून गेली. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १७ मे १९५४ ला शाळांमधला रंगभेद घटनेविरुद्ध ठरवला, त्या निकालात ह्या कामाचा आधार घेतलेला आहे. मला बाहुल्यांचं वाचताना सारखं ते वहीचं लेबल दिसत होतं. ज्या वयात लेकराला बेरीज-वजाबाकी येत नाही त्या वयात त्याला समाजातली आपली किंमत कळलेली असते. म्हणून तो समजण्याएवढा झाला की सांगू, हे डोक्यातून काढून टाका. त्याला अर्धवट समजलेलंच आहे, आपल्याला फक्त बाकीचं नीट सांगायचं आहे.

अभिमानाचं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? पुतळ्याला हार घालून फोटो काढला की झालं असं नाही. आम्ही गोष्टी गोळा केल्या, लहान लहान, चुलीजवळ बसून पाच मिनिटांत सांगता येतील अशा.

ही कापसाची गोष्ट आमच्या लेकरांची सगळ्यात आवडती. तुझ्या बाबाच्या वावरात पऱ्हाटी आहे नं, तशीच पऱ्हाटी तिकडे दूर अमेरिकेत होती, हजारो एकर, आणि वेचणी करणारे सगळे गुलाम, आफ्रिकेतून धरून आणलेल्या लोकांची लेकरं-नातवंडं. १८६० मध्ये तिथं जवळपास ४० लाख माणसं गुलामीत होती. इंग्लंडच्या गिरण्या बहुतेक त्यांच्याच कापसावर चालायच्या. १८६१ मध्ये तिथं युद्ध पेटलं, दक्षिणेची बंदरं बंद झाली, कापूस निघेना, तर साहेबाची नजर आपल्या वऱ्हाडावर पडली, भाव कडाडले, आणि १८६७ मध्ये रेल्वे नागपूरपर्यंत आली ती ह्याच कापसाच्या ओढीनं. म्हणजे आपल्या पणजोबाच्या वावराचा आणि त्यांच्या सुटकेच्या लढाईचा असा संबंध आहे. हे सांगताना हातात बोंड घ्या. बोंडाच्या वाळक्या कडा बोटाला कशा टोचतात ते लेकरांना माहीतच असते, वेचणीच्या दिवसांत तर सगळ्यांच्या बोटांना चिरा असतात, मग म्हणा, त्यांच्याही बोटांना हेच टोचत होतं, आणि संध्याकाळी वजन कमी भरलं तर वरून फटके. माझा मुलगा त्यावर म्हणाला, "मग ते आपले नातेवाईक झाले काय?" मी म्हटलं हो, झाले.

आणि ही नातेवाईकी आजची नाही. जोतिबा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली ती अमेरिकेत गुलामांच्या सुटकेसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते हार्लेमला लागूनच, कृष्णवर्णीयांच्या वस्तीला. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस ह्या कृष्णवर्णीय विद्वानाला पत्र लिहिलं, की तुमच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांपुढे अर्ज केला म्हणे, त्याची प्रत पाठवा, आणि ड्यू बॉइसनी उत्तरही दिलं. किंग १९५९ मध्ये महिनाभर भारतात होते, तिकडे केरळात त्रिवेंद्रमच्या एका शाळेत मुख्याध्यापकानं त्यांची ओळख "अमेरिकेतले अस्पृश्य बांधव" अशी करून दिली, आधी त्यांना तो शब्द लागला, मग विचार केला आणि म्हणाले, हो, मी अस्पृश्यच आहे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली तिचं नावच तिकडच्या ब्लॅक पँथर ह्या कृष्णवर्णीयांच्या संघटनेवरून. दहावी-बारावीच्या पोरांना हे सांगून पाहा, डोळे बदलतात, कारण त्यांना वाटत असते की आपण एकटेच आहो, आपल्यासारखं जगात कोणाचंच नाही.

तिकडे शाळेच्या पुस्तकात हे काहीच नव्हतं म्हणून कार्टर वुडसन नावाच्या इतिहासकारानं १९२६ मध्ये फेब्रुवारीत एक हप्ता इतिहासाचा सुरू केला, पन्नास वर्षांनी त्याचा अख्खा महिना झाला. म्हणजे कोणी देईल म्हणून बसले नाहीत. आम्ही वर्षावासाच्या तीन महिन्यांत दर रविवारी एका लेकराला एक गोष्ट सांगायला लावतो, पाठ करून नाही, आपल्या बोलीत. दीक्षाभूमीला जातानाही तसंच करा, लेकराला नुसतं गर्दीतून ओढत नेऊ नका, निघायच्या आदल्या रात्री सांगा की १४ ऑक्टोबर १९५६ ला आपल्या घरातून कोण गेलं होतं, कसं गेलं होतं, पायी की बंडीनं, सोबत शिदोरी काय होती. घरातल्या कोणाला आठवत नसेल तर गल्लीतल्या म्हाताऱ्यांना विचारा.

कधी बोलायचं

मुद्दाम समोर बसवून "आज आपल्याला बोलायचं आहे" म्हटलं की लेकरू घाबरते, त्याला वाटते आपण काही केलं. कृष्णवर्णीय आयांकडून मी एक गोष्ट उचलली. त्यांचे केस कुरळे, दाट, धुवायचे, तेल लावायचं, सोडवायचे आणि बारीक वेण्या घालायच्या तर तासन् तास जातात, त्यासाठी हप्त्यातला एक दिवसच धरून ठेवतात. लेक आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या मधात खाली बसलेली, आई मागून वेण्या घालते, आणि त्या वेळात सगळ्या गोष्टी होतात. त्याच केसांवरून शाळेत आणि नोकरीत त्रास देतात म्हणून कॅलिफोर्नियानं २०१९ मध्ये कायदा केला, की केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करता येणार नाही. मग त्या वेण्या घालताना आई नुसते केस विंचरत नाही नं, तुझे केस सुंदर आहेत हे हातानं सांगत असते.

आपल्याकडे हे आयतंच आहे. रविवारी लेकीचं डोकं धुवून तेल लावता नं, तीच वेळ. तोंडं एकमेकांसमोर नसली की बोलणं सोपं जाते, तिचे डोळे भरले तरी तिला लपवता येतात आणि तुमचे भरले तरी तुम्हाला. रंगाचं बोलणंही इथंच करा. "काळी पडली, उन्हात नको जाऊ, लग्न कसं जमल" हे आपल्या घरातलेच लोक बोलतात, आत्या बोलते, मावशी बोलते, प्रेमानंच बोलतात, पण त्या बाहुल्यांचं लक्षात ठेवा आणि आपल्या घरात हे वाक्य बंद करा. पाहुण्यांसमोर टोकावं लागलं तरी टोका. गोरं करायच्या क्रीमची ट्यूब घरात असेल तर लेकीला काहीही सांगून उपयोग नाही.

मुलांसाठी बापानं वावरातली वेळ धरावी. रात्री ओलिताची पाळी असते, मोटर चालू करून दोघं धुऱ्यावर बसतात, अंधार असतो, पाणी चालू असते, दुसरं काही काम नसते. आमच्या ह्यांनी मुलाला स्वतःची सगळ्यात मोठी गोष्ट तिथंच सांगितली, घरात कधीच सांगितली नसती.

अपमान झाला तर काय करायचं, हे तोंडपाठ करून घ्या

हा आपला 'द टॉक'. नुसतं "हिंमत ठेव" सांगून काही होत नाही. ऐन वेळेवर लेकराचं डोकं बंद पडते, म्हणून वाक्यं आधीच जिभेवर पाहिजेत. आम्ही बैठकीत नाटकासारखं करून घेतो, एक मोठा माणूस त्रास देणारा होते आणि लेकरू उत्तर देते. लहान लेकरांना तीनच गोष्टी शिकवा. एक, "असं बोलायचं नसते" हे मोठ्यानं म्हणायचं. दोन, तिथून निघायचं, मारामारी नाही. तीन, त्याच दिवशी घरी सांगायचं, आणि घरी सांगितल्यावर आपल्याला रागावणार नाहीत ही खात्री त्याला पाहिजे. पुढचं काम मोठ्यांचं. आठ वर्षांच्या लेकरावर समाजाचं ओझं टाकू नका, ते झुंजायला जन्मलेलं नाही, खेळायला जन्मलेलं आहे.

मोठ्यांनी काय करायचं? शाळेत जा, पण एकटे नको, दोघं-तिघं जा, आणि तोंडी बोलून परत येऊ नका, अर्ज लिहून द्या आणि एका प्रतीवर पोच घ्या. मी पहिल्या वेळी तोंडी बोलून आली होती, "लेकरांचं भांडण आहे ताई, मनावर घेऊ नका" एवढं ऐकून परत. अर्ज दिला तेव्हा पालकांना बोलावणं गेलं. संविधानाच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता बंद केली, १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, १९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा आहे, हे मोठ्या पोरांना माहीत असलंच पाहिजे. पण लहान लेकरांच्या भांडणात पहिल्याच दिवशी कायद्याची भाषा नको, असं माझं मत आहे, त्या दुसऱ्या लेकराचीही शिकायची वेळ आहे.

पोरं पुण्याला, नागपूरला शिकायला निघाली की प्रश्न बदलतो. खोली भाड्यानं पाहायला गेलं की घरमालक गोड बोलून विचारते, आडनाव काय? गाव कोणतं? नॉनव्हेज खाता काय? अमेरिकेत दोन संशोधकांनी शिकागो आणि बोस्टनमध्ये नोकरीसाठी जवळपास पाच हजार खोटे अर्ज पाठवले, शिक्षण-अनुभव सारखाच, फक्त काहींवर गोऱ्यांमध्ये चालणारी नावं आणि काहींवर कृष्णवर्णीयांमध्ये चालणारी. २००४ मध्ये ते छापून आलं, गोऱ्या नावांना ५० टक्के जास्त बोलावणी आली. हे पोरांना सांगा, म्हणजे खोली नाही मिळाली तर ते स्वतःत खोट शोधणार नाहीत. आडनाव लपवायचं की नाही ह्यावर आमच्या बैठकीत दोनदा जोरात वाद झाला. मी लपवायला शिकवत नाही. पण रात्री आठ वाजता बॅग घेऊन रस्त्यावर उभ्या असलेल्या पोरीनं आडनाव सांगितलं नाही तर मी तिला भित्री म्हणणार नाही, तिनं आधी डोक्यावर छप्पर घ्यावं. उत्तर मात्र घरून तयार करून पाठवा, "भाडं वेळेवर देईन, ॲडव्हान्स किती ते सांगा" एवढं म्हणता आलं तरी बोलणं वळते. आणि त्या शहरातल्या ओळखीच्या दोन घरांचे नंबर वहीत लिहून द्या, फोनची बॅटरी संपते.

लेकरं दूर असली तर, किंवा आपण दूर असलो तर

१९४८ च्या जूनमध्ये एम्पायर विंडरश नावाचं जहाज कॅरिबियनमधून शेकडो लोकांना घेऊन इंग्लंडला लागलं, त्यानंतर कितीतरी आईबाप असेच कामाला गेले आणि लेकरं आजीजवळ ठेवून गेले. जमैकात अशा लेकरांना 'बॅरल चिल्ड्रन' म्हणायला लागले, कारण परदेशातले आईबाप मोठ्या ड्रममध्ये कपडे, बूट, खाऊ भरून पाठवायचे. ड्रम यायचा, आई यायची नाही. आपल्याकडेही कंपनीत कामाला पुण्याला गेलेले, वीटभट्टीवर गेलेले आईबाप आहेत, लेकरं आजीजवळ. ड्रमच्या जागी आता मोबाइल रिचार्ज आला. फोनवर आपण विचारतो काय, जेवला काय, अभ्यास केला काय, आजीला त्रास नको देऊ. तीन प्रश्न आणि फोन बंद. त्याच्या जागी आपली एक गोष्ट सांगा, आज माझ्यासोबत काय झालं, मला कोण काय बोललं, मी काय उत्तर दिलं. तुम्ही सांगितलं तर लेकरूही सांगते.

बापांबद्दल एकच. "बैठकीला या" म्हटलं की बाप येत नाहीत, आमच्याकडे वर्षभर आले नाहीत, ती पहिल्या दिवशीची दोन-तीन माणसं सोडली तर. तिकडे लॉस एंजेलिसमध्ये डॉक्टर लोकांनी कृष्णवर्णीय पुरुषांचं बीपी तपासायला दवाखान्याची वाट पाहिली नाही, ५२ सलूनमध्ये जाऊन काम केलं, न्हावी गिऱ्हाइकाला फार्मसिस्टला भेट म्हणायचा, फार्मसिस्ट तिथंच औषध ठरवायचा, आणि २०१८ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात बीपी चांगलंच उतरलेलं दिसलं. कारण तिथं पुरुष मोकळे बसतात. आमच्या ह्यांनी हेच केलं, सलूनमध्ये आणि पानठेल्यावर विषय काढला, लेकराचं आडनाव खोडायचं सांगितलं. तिथंच तीन जण बोलते झाले, आणि पुढच्या रविवारी ते तिघं छपरीत होते.

नावांची वही

शेवटचं काम, आणि मला हे सगळ्यात जवळचं. अमेरिकेत १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची नोंद कशी आहे, तर मालकाचं नाव, आणि खाली नुसतं वय, स्त्री की पुरुष, रंग. माणसाचं नावच नाही. १८७० च्या जनगणनेत पहिल्यांदा सगळ्यांची नावं आली. म्हणून आज कोणी आपले पूर्वज शोधायला निघालं की १८७० च्या मागे वाटच बंद होते. गुलामी संपल्यावर लोकांनी पेपरात जाहिराती दिल्या होत्या, माझी आई अमक्या मालकाकडे होती, अमक्या साली तिला विकलं, कोणाला माहीत असेल तर कळवा, आणि चर्चमध्ये त्या मोठ्यानं वाचून दाखवायचे. 

आपलंही फार वेगळं नाही. जातीच्या दाखल्यासाठी १९५० च्या आधीचा पुरावा शोधायला आपण तहसीलला जातो, कोतवाल बुकाची, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल काढतो, तिथं नोंद अशी दिसते की अमक्याला मुलगा झाला, बापाचं नाव, बाजूला जात, आणि लेकराचं नावच नाही. आईचं तर बहुतेक जागी नाहीच. दाखला मिळाला की आपण ती नक्कल फाइलमध्ये टाकून देतो. टाकू नका, लेकरांना दाखवा, आणि त्यात जे नाही ते वहीत लिहायला लावा. दोनशे पानी वही घ्या, प्रत्येक माणसाला एक पान. नाव, कोणत्या गावचं, काय काम करायचं, काय चांगलं जमायचं, लोक कशावरून आठवतात, कोणी सांगितलं आणि कोणत्या तारखेला. बायांची पानं आधी भरा, कारण ती माहिती असलेली माणसं आधी जाऊन राहिली.

आमची वही मुलानंच सुरू केली, आता तो पाचवीत आहे. आजीजवळ बसला आणि विचारलं, "आजी, तुझ्या आईचं नाव काय?" सासूबाई तांदूळ निवडत होत्या, हात थांबला. म्हणाल्या, "सगळे तिले बुढीच म्हणायचे बाप्पा." मग बराच वेळ सुपातले तांदूळ नुसते हलवत राहिल्या. आम्ही काही बोललो नाही. रात्री जेवणं झाली, भांडी झाली, मी दिवा मालवायला उठली तर खाटेवरून आवाज आला, "भागाबाई. आमचा बाप तिले भागा म्हणे." मुलानं परत लाइट लावला आणि पेन शोधला.